टाकीला बांधलेलं लाल कार्ड

आमच्या शेजारच्या उपेंद्ररावांबद्दल लिहायचं तर आधी त्यांच्या घरातल्या प्रेशर कुकरबद्दल लिहावं लागेल. त्या कुकरच्या कानाला सुतळीने एक पिवळं कार्ड बांधलेलं असतं. त्यावर बारीक अक्षरात, निळ्या शाईत: ‘गॅस्केट तपासली. शिट्टी तपासली. पास.’ खाली तारीख आणि सही. पंख्याला कार्ड, इस्त्रीला कार्ड, न्हाणीघरातल्या गिझरला कार्ड. हेमलतावहिनींच्या छत्रीलाही होतं. वहिनी शिकवतात त्या शाळेतल्या बाकीच्या बाया हसतात म्हणून त्यांनी ते सोडून पर्समध्ये ठेवलं. फेकलं मात्र नाही. एकतीस वर्षांच्या संसारात काय फेकायचं आणि काय नुसतं लपवायचं, हे बायकांना कळतं.

उपेंद्रराव मूळचे मिरजेचे. इथे बेंगळुरूला विमानांच्या कारखान्यात इन्स्पेक्टर म्हणून आले आणि तिप्पसंद्र्यात आमच्या भिंतीला भिंत लावून घर बांधलं. इन्स्पेक्टर म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम बघायचं. चांगलं असेल तर पिवळं कार्ड, नसेल तर लाल. लाल कार्डावर वाद नाही. त्यामुळे कँटीनमध्ये त्यांच्या शेजारी कुणी बसत नसे, आणि ते एकटेच दहीभात खात. हे मला कसं माहीत, विचारू नका. गल्लीत जे काही माहीत असतं ते मलाच माहीत असतं, आणि मला माहीत झालं की सगळ्यांना होतं.

एकतीस वर्षं रोज सकाळी सहा दहाला कारखान्याची बस होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली थांबायची आणि उपेंद्रराव चढायचे. शहाण्णवच्या मार्चमध्ये ते रिटायर झाले. दुसऱ्या दिवशी सहा दहाला परत झाडाखाली, इस्त्रीच्या शर्टात. बस हळू झाली. ड्रायव्हरने पाहिलं. यांनी हाताने ‘जा, जा’ अशी खूण केली, जणू आज सुट्टी घेतली होती. मी फाटकात दात घासत उभा होतो. आठ वाजेपर्यंत ही गोष्ट सगळ्या गल्लीने ऐकली होती, वर ड्रायव्हरच्या चेहऱ्याची नक्कलही पाहिली होती. मला तेव्हा ती फार विनोदी वाटली होती.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण या गोष्टीतला लबाड मीच आहे. मी प्राणेश. धंदा विम्याचा, म्हणजे बोलण्याचा. आमची तिसरी पिढी इथे. आमच्या मराठीत ‘स्वल्प’ आणि ‘सरी’ हे कानडी शब्द इतके मुरलेत की उपेंद्ररावांनी पहिली दोन वर्षं माझी वाक्यं दुरुस्त केली आणि मग तोही माल नापास समजून सोडून दिला. गल्ली मला प्राणेशअण्णा म्हणते. ते एकटे प्राणेशराव म्हणतात. दहा हजार लोकांना मी फॉर्मवर ‘इथे सही करा’ म्हणून बोट दाखवलं असेल. त्यातल्या कुणीही वर काय लिहिलंय ते वाचलं नाही, आणि वाचू नये अशीच माझी इच्छा असायची.

माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली, अकरा वर्षांची मोटरसायकल होती. तिची पेट्रोलची टाकी दोन ठिकाणी गळायला लागली. एक खाली, कॉकजवळच्या जोडावर. दुसरं भोक डाव्या अंगाला, गुडघ्यापाशी. आता शहाणा माणूस टाकी मेकॅनिककडे नेतो. पण गल्लीतल्या निम्म्या लोकांना ‘छे, टाकी गळणं म्हणजे काही दुखणं आहे का’ असं मीच ऐकवलेलं होतं. त्यामुळे एका दुपारी मी अहल्येची, म्हणजे आमच्या घरच्यांची, कपडे धुवायच्या साबणाची अर्धी वडी पळवली. ती दोन्ही भोकांवर चांगली रगडली, वरून काळा रंग मारला, आणि गुडघ्यापाशी रंग जरा संशयास्पद दिसतोय असं वाटल्यावर त्यावर राघवेंद्रस्वामींचं गोल स्टिकर लावलं. आमच्या गावात स्वामींचं स्टिकर कुणी नख लावून उचकटत नाही. हे मला माहीत होतं. स्वामींनाही माहीत असणार, पण त्यांनी त्या वेळी काही अडवलं नाही.

पुढच्याच आठवड्यात उपेंद्रराव आले. शहराच्या दुसऱ्या टोकाला पीण्या म्हणून कारखान्यांची वसाहत आहे, तिथल्या एका लहानशा वर्कशॉपने त्यांना माल तपासायला बोलावलं होतं. एक जुलैला, सोमवारी, सकाळी आठला हजर व्हायचं होतं. बसने जायचं तर मॅजेस्टिकला उतरून परत दुसरी बस, दोन तास उभं राहणं. आणि खरं कारण त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं: आयुष्यभर कुणीतरी न्यायला आलं, आता एकदा आपलं आपण जाऊन बघावं म्हणतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी गाडी शिकायचं ठरवलं होतं. मी तर म्हटलं, माझीच घ्या.

त्यांनी गाडी तपासली. दोन दिवस. चेन मोजली, ब्रेक उघडले, तारा ओढून पाहिल्या. टाकीपाशी आले, स्टिकर पाहिलं, हात जोडून पुढे सरकले. मग खालच्या जोडावरून बोट फिरवत मला विचारलं, “प्राणेशराव, गळत तर नाही ना?”

“थेंब नाही,” मी म्हटलं. त्या दिवशी खरंच नव्हती गळत. हे वाक्य मी पुढे स्वतःला बरेचदा ऐकवलं.

त्यांनी पिवळं कार्ड लिहून हँडलला बांधलं. चेन पास, ब्रेक पास, तारा पास. टाकीपुढे लिहिलं: ‘प्राणेशराव यांच्या सांगण्यावरून पास.’ हेमलतावहिनी मला नंतर म्हणाल्या, भाऊजी, एकतीस वर्षांत कुणाच्या सांगण्यावरून यांनी काही पास केलेलं मला तरी आठवत नाही. मी हसलो. विम्यातल्या माणसाला हसता येतं, कशावरही.

गाडीच्या मिळालेल्या पैशांत मी स्कूटर घेतली. उपेंद्रराव समोरच्या मैदानात गाडी शिकले, मी शिकवणार, आणि मैदानाच्या कडेला बसून त्यांच्या प्रत्येक चकरेचं समालोचन करणाराही मीच. लायसन आलं. जूनच्या मध्यावर एका सकाळी वहिनींना व्हरांड्यात पेट्रोलचा वास आला. लाल फरशीवर गाडीखाली एक काळपट डाग होता.

उपेंद्ररावांनी त्याच दिवशी टाकी रिकामी करून उतरवली आणि संध्याकाळी आमच्याकडे आले. हातात कागदाच्या पुडीत काहीतरी होतं. पुडी उघडली तर पिवळट साबणाचा तुकडा, खालच्या जोडातून कोरून काढलेला.  ते अगदी कळवळून म्हणाले, “तुम्हाला कुणीतरी फसवलं होतं, प्राणेशराव. तुम्ही घ्यायच्या आधीचं काम दिसतंय.”

मी मान हलवली. लोक काय काय करतात हो, असंही काहीतरी म्हटलं. अहल्या चहा घेऊन आली होती. तिने तो साबण पाहिला. एवढ्या वर्षांत तिच्या हातून कप इतका आवाज करून टेबलावर टेकला नव्हता.

मी लगेच म्हटलं, माझ्या ओळखीचा मेकॅनिक आहे, मी टाकी नेतो, मी करून आणतो. मला ती टाकी त्यांच्या नजरेआड न्यायची होती, एवढंच. पण उपेंद्रराव नको म्हणाले. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे डाख, म्हणजे कथलाने बुजवलेले जोड, नापास केले, एकदा आपण देऊन बघायचाय, असं काहीसं बोलले. हे सांगताना ते लाजत होते. मोठ्या माणसाला लाजताना बघितलं की माझी जीभ वळवळते. मी दुसऱ्या दिवशी गल्लीभर सांगितलं की इन्स्पेक्टरसाहेब स्वतः कथील वितळवणार आहेत, स्वतःच्याच अंगठ्याला लाल कार्ड बांधून घेतील.

आठवडाभर त्यांनी दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून ती बुजवायचा सराव केला. अकरा डबे रिजेक्ट. प्रत्येकाला लाल कार्ड. ते मागच्या अंगणात ओळीने मांडलेले मी भिंतीवरून मोजायचो आणि मोठ्याने आकडा सांगायचो. ते रागवायचे नाहीत. बारावा डबा पास झाला तेव्हा त्यांनी तो मला भिंतीवरून दाखवला, पहिल्या नंबराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा.

मग टाकी. तीन वेळा गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून आतून खळखळून धुतली. दोन दिवस उन्हात तोंड उघडं टाकून ठेवली. मी भिंतीवरून विचारलं, बाळाचं नाव काय ठेवणार म्हणून. तरीही त्यांचा पेट्रोलच्या वासावर भरवसा नव्हता. टाकीत पाणी भरलं, फक्त डाखाच्या जागेपुरती हवा राहील अशी कलती करून ठेवली, आणि स्टोव्ह लांब अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. डाख द्यायचं तांब्याच्या टोकाचं हत्यार तिकडे तापवायचं आणि चालत इकडे आणायचं. एक गोष्ट मात्र बघून माझं हसणं थांबलं. त्यांनी स्वामींच्या स्टिकरवर ओला रुमाल घडी करून ठेवला होता. देवाला आच लागायला नको म्हणून.

शनिवारी, एकोणतीस जूनला, डाख पुरा झाला. सोमवारी पीण्या. मी म्हटलं झालं की मग, बसवा टाकी. तर म्हणाले, अजून तपासणी कुठे झाली? आणि करणाऱ्याने तपासायचं नसतं, हा पहिला नियम. वहिनी म्हणाल्या, मी बघते. घरच्या माणसानेही तपासायचं नसतं, हा दुसरा नियम. मग माझ्याकडे वळले.

“मी?” मी म्हटलं. “मला त्यातलं काय कळतं?”

“तुम्हाला दुसऱ्याचं चुकलेलं लगेच दिसतं,” उपेंद्रराव म्हणाले. यात टोमणा होता की नाही, मला अजून सांगता येत नाही. त्यांचा चेहरा कुकर तपासताना असतो तसाच होता.

रविवारी सकाळी दहाला मी त्यांच्या व्हरांड्यात हजर झालो. पद्धत अशी: वहिनींच्या शाळेतले खडू कुटून पाण्यात कालवायचे, टाकीला बाहेरून त्याचा हात द्यायचा, वाळू द्यायचा. टाकीत रॉकेल भरायचं. रॉकेल पेट्रोलसारखंच बारीक फटीतून झिरपतं, पण लगेच उडून जात नाही. चार तास बघत बसायचं. पांढऱ्यावर कुठे काळपट ठिपका उमटला, मोहरीएवढा का होईना, तर रिजेक्ट. त्यांनी मला एक खुर्ची दिली, पेन दिलं, एक पिवळं आणि एक लाल कार्ड दिलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. करणाऱ्याने तपासणाऱ्याजवळ उभंही राहायचं नसतं. तिसरा नियम.

पहिला तास मी मजेत होतो. खालचा डाख मी बराच वेळ पाहिला. ओबडधोबड होता, पहिल्यांदा थापलेल्या भाकरीसारखा, पण कोरडा ठणठणीत. पिवळ्या कार्डावर काय विनोद लिहावा याची जुळवाजुळव चालली होती. सव्वाअकराला स्वामींच्या स्टिकरच्या कडेला एक ठिपका दिसला.

मला समजायला जराही वेळ लागला नाही. सोड्याच्या गरम पाण्याने आतला साबण धुऊन काढला होता. उपेंद्ररावांनी खालचं भोक शोधलं, बुजवलं. दुसरं त्यांना दिसलंच नाही, कारण ते देवाआड होतं, आणि देवाआड मी ठेवलं होतं.

मी काय केलं ते लिहायला नको, पण लिहितो. आजूबाजूला पाहिलं, अंगठ्याने ठिपका पुसला आणि वर खडूचं बोट फिरवलं. वीस मिनिटांनी तो परत आला, आता तुरीच्या दाण्याएवढा. परत पुसला. मनात हिशेब चालू होता: लाल कार्ड लिहिलं तर उद्या गाडी नाही, आणि स्टिकर निघालं की सगळंच निघेल. पिवळं लिहिलं तर दोघंही सुखी. मी आयुष्यभर लोकांना न बघता सह्या करायला लावल्या, एक मीच केली तर काय बिघडलं?

तेवढ्यात अहल्या भिंतीवरून डोकावली. म्हणाली, “अहो, अंगठा पांढरा कशाने झाला?” आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

मी अंगठा नाकाशी नेला. रॉकेलचा वास येत होता. मग कुणास ठाऊक का, मला ती जागा दिसली. टाकीची नव्हे, माणसाची. डावा गुडघा त्या स्टिकरला टेकतो आणि त्याच्या वीतभर खाली तापलेलं इंजिन असतं. पीण्यापर्यंत एवढं सगळं शहर ओलांडून, पँटवर पेट्रोल झिरपत, इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस सिग्नलला थांबणार, इंजिन बंद न करता, कारण बंद केलं की परत सुरू करायला त्याला तीन किका लागतात. ती नक्कलसुद्धा मी गल्लीत करून दाखवली होती.

ठिपका तिसऱ्यांदा आला. मी पुसला नाही. स्वामींची मनात क्षमा मागितली आणि नखाने स्टिकर काढलं. खाली साबणाचा पिवळा चुरा, आणि त्यातून रॉकेलची एक बारीक धार पांढऱ्या खडूवरून निघाली ती खालपर्यंत.

लाल कार्ड घेतलं. आमच्या धंद्यात अडचणीचा मजकूर फार बारीक टायपात असतो, तसं आधी बारीक लिहायला लागलो. मग तेच परत मोठं गिरवलं. ‘खालचा डाख: उत्तम. स्टिकरखाली भोक. साबणाने बुजवलेले. दोन्ही भोके बुजवणाऱ्याचे नाव: प्राणेश. रिजेक्ट.’ सही केली. 

चार तासांचा नियम होता म्हणून मी उरलेला वेळही तिथेच बसलो. बरोबर दोनला दार उघडलं. उपेंद्ररावांनी कार्ड उभ्याने वाचलं. मग खुर्ची ओढून बसले आणि परत वाचलं. मागे वहिनी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे नाही, जमिनीवर ठेवलेल्या त्या स्टिकरकडे बघितलं. मी पेनाला टोपण लावलं. 

“तारीख राहिली,” उपेंद्रराव म्हणाले.

मी तारीख घातली आणि कार्ड सुतळीने टाकीला बांधलं. त्यांनी हँडलचं जुनं पिवळं कार्ड सोडलं, ते माझ्या सांगण्यावरून पास झालेलं. त्यावर तिरकी रेघ मारून ‘रद्द’ लिहिलं आणि आत नेऊन फाइलला लावलं. फाडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ते स्टिकर वहिनींनी पुसून मला दिलं. ते माझ्या कपाटाच्या दाराला आतून लावलंय. शर्ट काढायला गेलो की नजरानजर होते.

सोमवारी सकाळी सहा दहाला मी स्कूटर घेऊन त्यांच्या फाटकाशी उभा राहिलो. येतील याची खात्री नव्हती. ते आले. स्कूटरची चाकं दाबली, ब्रेक दाबले, वाकून टाकीखाली बघितलं. मला काही विचारलं नाही. या वेळी विचारण्यासारखा माणूस मी नव्हतोच. मग मागे बसले.  शहर ओलांडून यशवंतपूरला आल्यावर म्हणाले, डावा इंडिकेटर गेले दोन किलोमीटर चालू आहे.

आठवडाभर मी नेलं आणि आणलं. मंगळवारी ते माझ्या टायरच्या हवेबद्दल बोलले. बुधवारी माझ्या क्लचबद्दल. गुरुवारी येताना सांगत होते, वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत दोघं जण त्यांच्या बाकावर येऊन बसले, डबा उघडून. ही गोष्ट मी अजूनपर्यंत कुणाला सांगितली नव्हती. माझ्या दृष्टीने हा विक्रम आहे.

शनिवारी दुपारी अंगणात स्टोव्हचा आवाज आला. मी भिंतीपाशी गेलो नाही. आकडेही मोजले नाहीत. त्यांच्या कारखान्यातले दोनतीन जुने सोबती जवळच राहतात, त्यांतलं कुणीतरी तपासायला येईल असं मी धरून चाललो होतो. संध्याकाळी भिंतीवरून उपेंद्ररावांचं डोकं दिसलं.

“उद्या दहा वाजता,” ते म्हणाले. “खडू कुटून ठेवलेत.”

मी म्हटलं, अजूनही मीच? दुसरं कुणी बघा, उपेंद्रराव.

“ज्याने लाल कार्ड बांधलं, ते त्यानेच सोडायचं असतं,” ते म्हणाले. “चौथा नियम.”

हा नियम कारखान्यात खरोखर होता की त्यांनी त्या भिंतीशी उभ्याउभ्या केला, हे मी चौकशी करून सहज काढू शकलो असतो. केली नाही. रविवारी चार तास मी पापणी न लववता टाकीकडे बघत बसलो. अहल्या दोनदा डोकावली, दोनदा माझा अंगठा बघून गेली. दोनला दार उघडायच्या आत टाकीवर ठिपका तर नव्हताच, माझ्या कपाळावरच घामाचे होते. लाल कार्डाची सुतळी मी सोडली, पिवळं कार्ड पुढे ओढलं, आणि सगळ्यात आधी तारीख घातली.